वाइनरीचं दार कुणाकडे उघडतं?

नाशिकला येणारा पाहुणा हल्ली दोन पत्ते विचारतो. पहिला त्र्यंबकेश्वरचा, दुसरा सुलाचा. पुष्कळदा एकाच दिवसात दोन्ही उरकतात. त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण विंचूरच्या वाइन पार्कचा पत्ता कुणी विचारलाय असं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. आपल्या निफाड तालुक्यात, येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याला, सरकारने खास वाइनसाठी अख्खी एमआयडीसी आखली, शेतकऱ्यांनी कर्जं काढून तिथे शेड उभ्या केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच शेडना कुलूप लागलं. गंगापूर धरणाच्या काठावर मात्र शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

द्राक्षं तीच, जिल्हा तोच. मग असं का झालं? भांडवल, मार्केटिंग, ब्रँड ही उत्तरं आपण सगळे देतो आणि ती खरीही आहेत. पण एक उत्तर आपण कधी बघतच नाही, कारण ते डोळ्यांसमोर असतं. ते म्हणजे इमारत. वाइनरीची इमारत कशी आहे, तिचं दार कुणासाठी आहे, आणि ते दार कुणाच्या मालकीचं आहे. (वाइन चांगली की वाईट, ती दारू की नाही, हा वाद आज नको. त्यावर कमेंटमध्ये भांडून झालेलं आहे.)

हे समजायला जरा लांबचा फेरा मारावा लागेल. फ्रान्स, अमेरिका, स्पेन, आणि मग परत विंचूर.

मुळात वाइनरी म्हणजे बघायची जागा नव्हतीच. ती थंड ठेवायची जागा. द्राक्षाचा रस आंबताना उष्णता सोडतो, ती काढून टाकावी लागते. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून खालून वारा खेळता लागतो. तयार वाइन पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं एकसारख्या गारव्यात ठेवावी लागते. म्हणून तळघरं, जाड भिंती, लहान खिडक्या. शक्य असेल तिथे टेकडीच्या उताराला बांधकाम, म्हणजे द्राक्षं वरच्या मजल्यावर येणार आणि रस पंपाशिवाय आपोआप खाली उतरणार. थोडक्यात, इमारत हेच एक यंत्र होतं. यंत्र बघायला पाहुणे कशाला येतील?

हे पहिल्यांदा बदललं फ्रान्सच्या बोर्दो भागात. तिथल्या पैसेवाल्या मालकांनी द्राक्षमळ्याच्या मधोमध हवेल्या बांधल्या. शातो मार्गोची खांबांची, देवळासारखी दिसणारी हवेली १८१० च्या दशकातली. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लागली आणि त्या हवेल्यांची नावं जगभर गेली. हवेलीचं चित्र बाटलीच्या लेबलवर आलं. शातो म्हणजे खरं तर किल्ला किंवा गढी. पण पुढे पुढे गढी असो वा नसो, साधं कौलारू घर असलं तरी लेबलवर ‘शातो’ लिहिण्याची रीत पडली. गिऱ्हाईक वाइनबरोबर वाडाही विकत घेतो, हे बोर्दोच्या व्यापाऱ्यांना आपल्या फार आधी कळलं होतं.

तरीही त्या हवेल्यांचं दार गिऱ्हाइकासाठी उघडं नव्हतं. चित्र बघा, बाटली घ्या, एवढंच.

दार उघडलं कॅलिफोर्नियात, १९६६ साली. रॉबर्ट मोंडावी नावाचा गृहस्थ. घरच्या वाइनरीत भावाशी बिनसलं, वयाची पन्नाशी उलटलेली, आणि त्याने नापा खोऱ्यात ओकव्हिल इथे स्वतःची वाइनरी काढली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्यात नापाचा धंदा पार बसला होता. त्यानंतर इतक्या मोठ्या हिमतीने नवी वाइनरी उभारणारा हा पहिलाच. त्याने वास्तुरचनाकार निवडला क्लिफ मे, जो बैठी, पसरट, अंगणाभोवतीची घरं बांधण्यासाठी प्रसिद्ध होता. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मिशनांच्या धर्तीवर त्याने मोठी कमान आणि एक मनोरा उभा केला. हमरस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवाल्याला कमान दिसते, कमानीतून पलीकडचा द्राक्षमळा आणि डोंगर दिसतो, माणूस ब्रेक मारतो. कमान पुढे लेबलवरही गेली. पाहुण्यांना वाइनरी फिरवून दाखवणं, चव देणं, तिथेच बाटली विकणं हे सगळं त्या आवारात. १९६९ पासून हिरवळीवर उन्हाळी संगीत महोत्सव. २००४ मध्ये ती कंपनी एक अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. सगळं श्रेय कमानीला देत नाही, पण कमान तिच्या हिशेबात नक्की होती.

त्यानंतर इमारतींची स्पर्धाच लागली. स्पेनच्या रिओहा भागात एल्सिएगो नावाचं गाव आहे, लोकसंख्या जेमतेम हजार. तिथे १८५८ पासूनची मार्केस दे रिस्कल ही वाइनरी. तिने फ्रँक गेहरीला बोलावलं, ज्याच्या संग्रहालयाने बिल्बाओ शहराचं नशीब पालटलं होतं. म्हणतात की गेहरी आधी तयार नव्हता. मग त्याच्या जन्मसालची, म्हणजे १९२९ ची बाटली त्याच्यासमोर फोडली आणि गडी कबूल झाला. २००६ मध्ये गुलाबी, सोनेरी, चंदेरी धातूच्या पट्ट्यांचं ते हॉटेल उघडलं आणि गाव नकाशावर आलं. जवळच लाग्वार्दियाला सांतियागो कालात्रावाने २००१ मध्ये इसिओस वाइनरीला लाटांसारखं छप्पर केलं. फार देखणं. फक्त गळायला लागलं. मालकांनी दुरुस्तीपायी लाखो युरो मागितले. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेचं छप्पर गळतं तेव्हा निदान वास्तुरचनाकार जगप्रसिद्ध नसतो.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट या श्रीमंतांची नाही. स्पेनमध्येच, कॅटलोनियात, याच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधी एक वेगळंच घडलं होतं, आणि ते आपल्या सहकाराच्या मातीतल्या माणसाला चटकन कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा खाल्ल्या. मुळावरच घाला. शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपची द्राक्षं कलम करून बागा वाचवाव्या लागल्या. आपले बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात ना, त्याच अमेरिकन खुंटांच्या घराण्यातला तो. कॅटलोनियाचा लहान शेतकरी नव्या लागवडीच्या कर्जाने वाकला होता, आणि माल विकताना व्यापारी सांगेल तो भाव. मग गावोगाव शेतकऱ्यांनी सहकारी सोसायट्या काढल्या. द्राक्षं विकायची नाहीत, वाइन आपणच करायची. त्यासाठी जागा हवी. जागा बांधायला बोलावला सेसार मार्टिनेल, गौदीच्या तालमीतला तिशीतला पोरगा. १९१८ ते १९२४ या थोड्या वर्षांत त्याने चाळीसच्या आसपास सहकारी इमारती केल्या. रोकाफोर्त दे केराल्त, गंदेसा, पिनेल दे ब्राय, नुयेस ही त्यातली काही गावं.

आता गंमत बघा. पैसा नव्हता. लाकडी कैच्या महाग, लोखंड त्याहून महाग. मार्टिनेलने विटांच्याच उंच, निमुळत्या कमानी उभ्या केल्या, ज्या स्वतःचा भार स्वतःच जमिनीवर उतरवतात. गावचे गवंडी त्या बांधू शकत होते. उंची मिळाली, त्यामुळे गरम हवा वर जाऊन उंच खिडक्यांतून बाहेर. टाक्या एकमेकींना न चिकटवता, मधून वारा फिरेल अशा. जमिनीखाली साठवणीच्या टाक्या. म्हणजे एकही गोष्ट दिखाव्यासाठी नाही, आणि आत उभं राहिलं की थेट चर्चमध्ये आल्यासारखं वाटावं. कॅटलान नाटककार आंजेल गिमेराने या इमारतींना ‘वाइनची कॅथेड्रल’ म्हटलं, ते नाव आजही चालतं.

पिनेल दे ब्रायच्या दर्शनी भिंतीसाठी चित्रकार शाविएर नोगेसने रंगीत फरशांची एक लांब पट्टी काढली: द्राक्षतोडणी, तेलाचा घाणा, पिऊन झिंगलेले शिकारी. पट्टी तयार झाली, पण ती बसवायला सोसायटीकडे पैसे नव्हते. ती तशीच ठेवून दिली. बसली १९४९ मध्ये! वाइनसाठी लागणारी वीट आधी, शोभा परवडेल तेव्हा. आज पर्यटक पैसे मोजून ती भिंत बघायला येतात. आणि ही इमारत बांधली कुणी? द्राक्षं पिकवणाऱ्यांनी.

आता परत या आपल्या भागात.

आपल्याकडची सुरुवातही वाड्याच्या नावाने झाली. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली. कंपनीचं नाव शातो इंडाज. पुणे-नाशिक रस्त्यावर फ्रेंच गढी! त्यांच्या ‘ओमर खय्याम’ बाटल्या परदेशात गेल्या. साधारण त्याच काळात पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे नेते माधवराव मोरे यांनी ‘पिंपेन’ काढली. पिंपळगाव अधिक शॅम्पेन. हसू येतं, पण नाव काय नेमकं होतं! कांद्याच्या आंदोलनातला माणूस सांगत होता की द्राक्ष किलोवर विकण्यात राम नाही, बाटली आपली पाहिजे. कॅटलोनियाच्या शेतकऱ्याने केला तोच विचार. तो प्रयोग टिकला नाही.

मग २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. अबकारी शुल्कात सवलत, परवाने सोपे, लघुउद्योगाचा दर्जा, आणि दोन वाइन पार्क: नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस. कागदावर धोरण खरंच चांगलं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. राज्यात बघता बघता पन्नासच्या वर वाइनऱ्या झाल्या. पण पार्कची आखणी एमआयडीसीने केली, आणि एमआयडीसीला जे येतं तेच तिने केलं. प्लॉट, रस्ता, पाणी, वीज, कंपाउंड. वर पत्रा, भिंतीला पफ पॅनल, आत स्टीलच्या टाक्या, टाक्यांभोवती थंड द्रव फिरवणारं कवच. आपला हंगाम जानेवारी ते मार्च. पाठोपाठ एप्रिल-मेचं चाळीस अंशांचं ऊन, आणि त्या वर्षांत भारनियमन कसं होतं हे विसरला नसाल. इमारत स्वतः गार राहत नाही, तर डिझेल जाळून गार ठेवायची. मालाच्या खर्चात हा खर्च.

आणि दार? दार ट्रकसाठी. द्राक्षं आत, पेट्या बाहेर. बारामतीचा किंवा मुंबईचा माणूस कुटुंब घेऊन या शेडपाशी थांबेल, असं त्या शेडकडे बघून कुणाला वाटेल?

राजीव सामंत यांनी हे वेगळ्या बाजूने पाहिलं. स्टॅनफर्डला शिकलेले, कॅलिफोर्नियात नोकरी केलेले, आणि सुरुवातीपासून कॅलिफोर्नियाचेच वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सल्ल्याला. पहिली वाइन २००० साली आली. २००५ मध्ये त्यांनी देशातली पहिली टेस्टिंग रूम उघडली. वरच्या मजल्यावर गच्ची, समोर द्राक्षबाग, पलीकडे गंगापूरचं पाणी, मावळतीला सूर्य. थेट मोंडावीचा धडा. २००८ पासून खुल्या रंगमंचावर सुलाफेस्ट, म्हणजे मोंडावीच्या हिरवळीवरचा महोत्सव. २०१० मध्ये राहायला ‘बियाँड’, २०१७ मध्ये ‘द सोर्स’. पुढे त्याच पाण्याच्या काठाने यॉर्क आणि इतर वाइनऱ्या आल्या. ज्या माणसाने आयुष्यात वाइन चाखली नव्हती त्याला नाशिकात आणून ग्लास कसा धरायचा ते शिकवलं, हे त्या गच्चीचं कर्तृत्व आहे. नाशिकच्या पोरांना त्यातून रोजगार मिळाला, हेही खरं.

२००८-०९ ला मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्यांत वाइन पडून राहिली. त्या तडाख्यात कोण तरलं हे बघा. इंडाज कर्जात बुडाली. विंचूरमधल्या लहान वाइनऱ्या एकामागून एक बंद पडू लागल्या. कित्येक बागायतदारांची द्राक्षं कुणी उचलली नाहीत. लोकांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. ज्यांच्याकडे स्वतःच्या दारात येणारं गिऱ्हाईक होतं, त्यांना घोटभर श्वास मिळाला. बाकीचे ठोक व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघत बसले. एकट्या इमारतीने कुणी वाचत नाही, पण संकटात दार कामाला येतं.

हिशेब साधा आहे. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. बागायतदाराला किलोमागे तीस-चाळीस रुपयांच्या आसपास मिळतात. तीच बाटली गच्चीवर बसून प्यायली तर हजाराच्या पुढे. मधे सरकारचा कर, टाकी, काच, बूच, पगार, कर्जाचं व्याज सगळं आहे, मान्य. पण वितरक आणि दुकानदाराचा जो वाटा एरवी बाहेर जातो, तो दारातच विकलं की आत राहतो. आणि तो राहतो दाराच्या मालकाकडे. खरड छाटणी, गोडी छाटणी, अवकाळी, गारपीट हे सगळं ज्याच्या वाट्याला, त्याचं त्या गच्चीवर काही नाही. तिथून दिसणारा सुंदर देखावा तेवढा त्याचा.

आता थोडं दिसण्याबद्दल, कारण मला ते खटकतं. पुणे-सोलापूर रस्त्याजवळ रोटी गावात फोर सीझन्सची वाइनरी आहे, फ्रेंच शातोच्या थाटाची. (मालकी नंतर बदलली, शातो आहे तिथेच आहे.) सुलाचं ‘द सोर्स’ इटलीतल्या टस्कनीच्या धर्तीवर. पाहुण्याला फोटो हवा असतो हे कळतं. पण बोर्दोची हवेली बोर्दोच्या पैशातून आणि हवेतून आली, मार्टिनेलच्या कमानी कॅटलोनियाच्या विटेतून आल्या. आपल्याकडे काय नव्हतं? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खणलेले कोठार, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली कित्येक गेली. त्याच सांगली जिल्ह्यात पलूसचा वाइन पार्क झाला आणि तिथेही पत्र्याचीच शेड. पेवात वाइन ठेवा असं मी म्हणत नाही, ओल आणि हवा यांचं गणित वेगळं आहे. पण जमिनीखाली गारवा असतो, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. खुद्द विंचूर म्हणजे विंचूरकर सरदारांचं गाव. काळ्या दगडाचं जाड बांधकाम, चौक, तळघर हे त्या मुलखाला नवं नाही. वाइनरीला याहून काय वेगळं लागतं?

सरकारचंही बघा. एमटीडीसीने ‘ग्रेप पार्क’ नावाचा रिसॉर्ट काढला, तोही गंगापूर धरणाच्याच काठी, जिथे पाहुणे आधीपासून येतच होते. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला, शेतकऱ्यांच्या भल्यासाठी म्हणून. केवढा गदारोळ! निर्णय मागे पडला. त्या गदारोळात दोन्ही बाजूंचे नेते शेतकऱ्याचं नाव घेत होते, विंचूरच्या शेडचं नाव एकानेही घेतल्याचं मी ऐकलं नाही.

विंचूरजवळ काय नाही? नांदूरमधमेश्वर जवळच, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र. हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं येतातच, आणि पक्ष्यांचा व द्राक्षांचा हंगाम एकमेकांना लागूनच. येवल्याची पैठणी त्याच रस्त्यावर. कांद्याचा लिलाव बघायलाही शहरातला माणूस तासभर उभा राहील. नाही ते एवढंच, की वाइन पार्कात पाहुण्याने शिरावं असं एक दार.

मागणी फार मोठी नाही. पार्कातला एखादा बंद प्लॉट एमआयडीसीने परत घ्यावा, तो चालू असलेल्या लहान वाइनऱ्या आणि बागायतदारांच्या शेतकरी उत्पादक कंपनीला मिळून द्यावा. त्यावर एकच सामाईक इमारत: खाली दगडी तळघर, वर चव घ्यायची आणि विकायची जागा, स्वच्छ बाथरूम, बसेससाठी पार्किंग. गावच्या गवंड्याला बांधता येईल अशी. शोभेच्या फरशा मागाहून बसवू, पिनेल दे ब्रायने पंचवीसेक वर्षं थांबून बसवल्याच की. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालीच आहेत, त्यात विंचूर चौफुलीवर एक पाटी लागली तर ती खर्चात दिसणारही नाही.

जिल्हा नियोजनच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला आपल्याकडचे कोणी सदस्य तयार असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. पार्कातल्या बंद-चालू प्लॉटची यादी माहिती अधिकारात मागवायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सोमवारी टाकतो.